संगणक चालू, पडदा काळा
— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. तृतीय वर्ष

खानापूरला आमच्या काकांचे किराणा आणि पशुखाद्याचे दुकान आहे. २०२४ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. पाऊस असा लागला होता की दुकानातल्या गुळाच्या ढेपांना पाझर फुटला होता आणि मिठाची पोती पाण्यात भिजवल्यासारखी झाली होती. १८ तारखेला सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे उदबत्ती लावून संगणकाचे बटण दाबले. पेटीतला पंखा फिरू लागला, पुढचा दिवा लागला, पण पडदा काळाच! काकांनी यंत्र दोनदा बंद करून चालू केले, एकदा वरून थापट मारून पाहिली (हा आपल्याकडचा सर्वमान्य उपचार आहे), पण व्यर्थ.

वाचकहो, दुकानदाराच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. जून महिन्याचे जीएसटीचे विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे होते. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि वर व्याज. पण त्याहूनही मोठी चिंता म्हणजे दीडशे-दोनशे गिऱ्हाइकांच्या उधारीची खाती त्या पेटीत होती. पेन ड्राइव्हवर काढून ठेवलेली शेवटची प्रत मागच्या दिवाळीतली. म्हणजे आठ महिन्यांची उधारी केवळ काकांच्या स्मरणशक्तीवर!

संध्याकाळी एक दुरुस्तीवाला आला. त्याने बटण दाबले, पडद्याकडे पाहिले आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "मदरबोर्ड होगैत्री." म्हणजे मदरबोर्ड गेला. आठ हजार रुपये, आठ दिवस, आणि कदाचित डिस्क फॉरमॅट करावी लागेल. पेटी त्याने उघडलीसुद्धा नाही. रात्री काकांचा मला फोन. "तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकतेस ना गं? मग ये की उद्या, बघ जरा."

आता खरे सांगायचे तर, आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी संगणक शिकतो म्हणजे टॅली आणि एक्सेल शिकतो. पेटीच्या आत काय असते हे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. त्यातून माझे शिक्षण मराठी माध्यमातले. पडद्यावर इंग्रजी सूचना दिसली की ती वाचण्याआधीच बंद करण्याची सवय! १९ तारखेला सकाळच्या बसने मी खानापूर गाठले आणि तिथून आमच्या संगणक कक्षातील सहायक सरांना फोन लावला. पुढे जे लिहीत आहे त्यातले बरेचसे त्यांनी त्या दिवशी फोनवरून शिकवलेले, आणि काही नंतर मी स्वतः उपद्व्याप करून जमवलेले आहे.

सरांचा पहिलाच प्रश्न असा होता, "पडदा काळा म्हणजे नक्की कसा? अगदी सुरुवातीपासून काळा, की काही अक्षरे येऊन जातात?" मी पाहिलेच नव्हते. पुन्हा चालू करून पाहिले तेव्हा पाच-सात सेकंद 'नो सिग्नल' अशी दोन शब्दांची पाटी आली आणि गेली. मॉनिटरचा दिवा निळ्याचा पिवळसर झाला. सर म्हणाले, "झाले! निम्मा प्रश्न सुटला."

तो कसा, ते सांगते. आपल्याकडे मॉनिटरला 'कॉम्प्युटर' म्हणतात आणि खालच्या पेटीला 'सीपीयू'. वास्तविक सीपीयू ही पेटीतल्या मदरबोर्डवर बसवलेली काडेपेटीपेक्षाही लहान चकती, आणि मॉनिटर हे निव्वळ दाखवण्याचे साधन. १९७५ साली निघालेल्या अल्टेअर ८८०० या संगणकाला पडदाच नव्हता. पुढच्या बाजूला बारीक दिव्यांच्या रांगा असत आणि त्यांवरून उत्तर ओळखायचे. म्हणजे संगणक आणि पडदा ही दोन स्वतंत्र यंत्रे आहेत, त्यांना वीज स्वतंत्र मिळते आणि ती बिघडतातही स्वतंत्रपणे. 'नो सिग्नल' ही पाटी संगणक लिहीत नाही, मॉनिटर स्वतः लिहितो. त्याचा अर्थ इतकाच की, 'मी ठीक आहे, पण मला वायरीतून काही येत नाही.' जो मॉनिटर एवढे बोलू शकतो त्याचा पडदा, त्याचा आतला प्रकाश आणि त्याची वीज तिन्ही शाबूत आहेत. म्हणजे संशयितांच्या यादीतून मॉनिटर जवळजवळ बाद.

अशी पाटी आलीच नाही तर मॉनिटरवरचे मेनूचे बटण दाबून पाहावे. मेनू उमटला तर वरचाच निष्कर्ष. मेनूही नाही आणि दिवाही नाही, तर मॉनिटरची वीज पाहावी: बोर्डातला प्लग, मागच्या बाजूला अर्धवट बसलेली वायर, काही मॉनिटरना लॅपटॉपसारखा वेगळा अडॅप्टर असतो तो. दिवा आहे पण मेनू दिसत नाही, तर अंधारात पडद्यावर तिरपा बॅटरीचा झोत टाकावा. अंधुक चित्र दिसले तर पडद्यामागचा उजेड गेला आहे, चित्र येतेच आहे. हा प्रयोग मला फार आवडला. पण काकांच्या मॉनिटरने तो करू दिला नाही, कारण तो धडधाकट होता!

मॉनिटर निर्दोष ठरला की पुढचा प्रश्न: पेटी खरोखर चालते आहे, की नुसता पंखा फिरतो आहे? पंखा फिरणे ही संगणक चालू असल्याची खूण नव्हे. पंख्याला १२ व्होल्ट लागतात, तेवढे मिळाले की तो फिरतो. मदरबोर्डला लागणारे ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे बिघडलेले असले तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. खरी परीक्षा कीबोर्डवर आहे. दोन मिनिटे थांबून कॅप्स लॉक किंवा नम लॉकची कळ दाबावी. तिचा बारीक दिवा दर वेळी लागतो-विझतो, तर यंत्र जिवंत आहे आणि चित्र फक्त वाटेत हरवते आहे. अशा वेळी वायर, वायरीचे तोंड नाहीतर ग्राफिक्स कार्ड पाहायचे. दिवा ढिम्म राहिला तर यंत्र सुरुवातीच्या तपासणीतच अडकले आहे. काकांचा दिवा ढिम्म होता.

वायरीच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण दहातली बरीच दुखणी इथेच बरी होतात आणि एक पैसाही लागत नाही. जुनी निळ्या तोंडाची व्हीजीए वायर १९८७ पासून चालत आली आहे. तीन ओळींत पंधरा टाचण्या असतात आणि दोन बाजूंना आवळायचे स्क्रू असतात. ते स्क्रू आपण कधी आवळत नाही, आणि टेबल सरकवले की तोंड निम्मे बाहेर येते. ती काढून टाचण्या पाहाव्यात. एखादी वाकली असेल तर चिमट्याने हळूच सरळ करावी. मात्र मधल्या ओळीत एखादी टाचणी मुळातच नाही असे दिसले तर घाबरू नये. नऊ क्रमांकाची टाचणी अनेक वायरींत मुद्दामच बसवलेली नसते. (मी ती हरवली म्हणून काकांच्या टेबलाखाली शोधत होते!) एचडीएमआय वायरीला स्क्रू नसतात, ती नुसती ढकलून बसते आणि तशीच नकळत निसटते. शक्य असेल तर शेजाऱ्याची चांगली वायर आणून लावून पाहावी.

आणखी एक गंमत. एका ओळखीच्या टायपिंग क्लासमध्ये तीन संगणकांवर 'बंद आहे' असा कागद महिनाभर चिकटवलेला होता. नंतर मी सहज पाहिले तेव्हा एकाच्या मॉनिटरला वायर एचडीएमआयला लावलेली आणि मॉनिटर मात्र व्हीजीएच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला! मॉनिटरवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' नावाचे बटण असते, ते दाबताच चित्र आले. दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड बसवलेले होते, पण वायर मदरबोर्डच्या तोंडाला. पेटीच्या मागे वरच्या बाजूला उभ्या ओळीत असतात ती मदरबोर्डची तोंडे, आणि खाली आडव्या पट्टीत असते ते कार्डाचे. कार्ड असेल तर वायर कार्डालाच लावावी, कारण कार्ड बसवले की मदरबोर्डचे स्वतःचे चित्र पुष्कळदा बंद होते. तिसरा मात्र खरोखरच बिघडलेला होता.

आता आपण पेटी उघडू. त्याआधी भिंतीतला प्लग पूर्ण काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग पुढचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मोटारीची टाकी रिकामी करण्यासारखेच हे आहे. हात लोखंडी सांगाड्याला लावून घ्यावा, कारण अंगावरच्या कपड्यांत साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण बारीक चकतीला मारून टाकते. आणि एक गोष्ट मी ठळक सांगते: वीजपुरवठ्याची जी बंद डबी असते, जिला एसएमपीएस म्हणतात, ती उघडायची नाही. आत ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहते, प्लग काढल्यावरही. तिच्या पाठीवर ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल खटका असला तर त्याला हात लावू नये. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. खटका ११५ वर गेला आणि बटण दाबले की डबीचा बार उडतो. जुना, मागे मोठे पोट असलेला मॉनिटर तर उघडायचा विचारही मनात आणू नये. त्याच्या काचेच्या नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात.

पेटी उघडली आणि आधी काकू हसल्या. आत पेंडीचा भुसा, पिठाची धूळ आणि एका कोपऱ्यात मेलेले झुरळ. ब्रशने साफ केले. मग सरांनी सांगितले त्याप्रमाणे मदरबोर्डवर जाणाऱ्या वायरींची दोन तोंडे दाबून पाहिली: एक चोवीस टाचण्यांचे लांबट आणि दुसरे, सीपीयूजवळचे, चार किंवा आठ टाचण्यांचे. हे दुसरे निसटले असेल तर पंखे झकास फिरतात आणि पडदा काळा राहतो. साफसफाई केल्यानंतर यंत्र बंद पडले तर आधी हेच पाहावे. आमची दोन्ही घट्ट होती. मदरबोर्डवरच्या बारीक नळकांड्यांची डोकी फुगलेली नाहीत ना, कुठे जळका वास नाही ना, हेही पाहिले. फुगलेली असती तर मात्र तो दुरुस्तीवाला खरा ठरला असता.

यानंतर रॅम. इथे जरा थांबते, कारण काळ्या पडद्याचे हे नेहमीचे कारण असूनही ते कोणाच्या डोक्यात येत नाही. स्मरणपट्टी बिघडली तर पडदा का काळा व्हावा? वरवर संबंध दिसत नाही. पण बटण दाबल्याबरोबर संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासूनची ही रीत आहे. या तपासणीत स्मृती सापडली तरच पुढे चित्र तयार करण्याचे काम सुरू होते, आणि ज्या यंत्रात वेगळे कार्ड नाही तिथे चित्रही त्याच स्मृतीत रंगवले जाते. स्मृतीच सापडली नाही तर यंत्राला तक्रार करायलासुद्धा पडदा मिळत नाही. म्हणून जुन्या संगणकांत एक छोटा भोंगा असे आणि तो ठरावीक ठेक्यात वाजे. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राचा दोष, अशी एका घराण्याची भाषा, दुसऱ्याची वेगळी. हल्ली बऱ्याच पेट्यांत भोंगाच बसवत नाहीत, तेव्हा यंत्र मुकाट्याने अडून बसते. काकांच्या पेटीतही भोंगा नव्हता.

आमच्या यंत्रात ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही टोकांचे खटके मागे सारून त्या उपसून काढल्या. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, तिला बोट लावायचे नाही. त्या दातांवर मळकट छटा दिसत होती. दमट हवा, पिठाची धूळ, सहा वर्षांचा काळ. माझ्या चुलतभावाच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेऊन मी ते दात हलक्या हाताने घासले, कचरा फुंकून टाकला. मग एकच पट्टी, एकाच खाचेत. पट्टीला मधोमध नव्हे, थोडी बाजूला एक खाच असते, ती जुळली तरच ती बसते; जोर करून उलटी बसवू नये. दोन्ही टोके 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबावीत. चालू केले. काळा पडदा. बंद, प्लग बाहेर, तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. पुन्हा चालू.

पडद्यावर पांढरी अक्षरे आली. काका गल्ल्यावरून उठून आले.

ही एकेक करून पाहण्याची रीत आपल्याला, म्हणजे वाणिज्यवाल्यांना, नवी नाही. तेरीज जुळली नाही तर आपण सगळी खतावणी नव्याने लिहीत नाही. फरकाला ९ ने भाग जातो का पाहतो. गेला तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असावेत. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडते का पाहतो. सापडली तर ती नावे लिहायची जमेला गेली. फरकावरून चुकीची जात ओळखायची आणि मग तेवढीच पाने चाळायची. इथेही तसेच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी घाईत दोन्ही पट्ट्या, वायर आणि खाच एकदम बदलली असती, तर यंत्र चालले असते, पण दोष कशात होता हे कळले नसते. आमच्या बाबतीत नंतर असे ठरले की दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत, एक खाच मात्र अविश्वासू आहे. ती साफ करून पाहिली, पण अजून रिकामीच ठेवली आहे. ४ जीबीवर दुकानाचे काम भागते.

याखेरीज एक वेगळी जात आहे: सुरुवातीला कंपनीचे चिन्ह दिसते आणि विंडोज सुरू होताच पडदा काळा होतो. तिथे पेटी उघडण्याचे कारण नाही, दोष आज्ञावलीत असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबल्यास चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दोन पडदे जोडण्याची सोय चुकून बदलली असेल तर विंडोज आणि पी.

आता डिस्कबद्दल, कारण काकांचा जीव तिच्यात अडकला होता. पडदा काळा झाला म्हणजे हिशेब पुसले गेले असे मुळीच नाही. हिशेब डिस्कवर असतात, ती मदरबोर्डपासून वेगळी वस्तू आहे. उद्या मदरबोर्ड खरोखरच गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि खाती जशीच्या तशी मिळतात. फॉरमॅट केल्याने मात्र ती जातात, आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येत असताना फॉरमॅटने काहीही साधत नाही, कारण यंत्र डिस्कपर्यंत पोचलेलेच नसते! तेव्हा यंत्र दुरुस्तीला देण्याची वेळ आलीच, तर डिस्क काढून घरी ठेवावी. देता येत नसेल तर 'डिस्कला हात लावू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. आणि काय काय करून पाहिले, कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, पाटी कोणती येते, हे सांगावे. गिऱ्हाईक असे बोलू लागले की पेटी निदान उघडली तरी जाते.

आमची कहाणी मात्र इतक्यात संपायची नव्हती. पांढऱ्या अक्षरांत यंत्राने तारीख आणि वेळ ठरवा, एफ-वन दाबा, असे सांगितले होते. मी इतकी आनंदात होते की एफ-वन दाबून सरळ पुढे गेले. टॅली उघडली, उधारीची सगळी खाती जागेवर. काकांनी हात जोडले. पण विवरणपत्र भरायला जीएसटीचे संकेतस्थळ उघडते तो 'हा संपर्क सुरक्षित नाही' अशी इंग्रजी पाटी. दुसरे संकेतस्थळ, तेच. पाऊण तास मी इंटरनेटच्या नावाने बोटे मोडली. शेवटी खालच्या कोपऱ्यात नजर गेली. संगणकाच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २०१७ ही तारीख होती. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. तेव्हा यंत्राच्या हिशेबी ते अजून जन्मालाच आले नव्हते!

झाले होते असे की मदरबोर्डवर बंद्या रुपयाएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ या नावाची, ३ व्होल्टची. प्लग काढलेला असताना घड्याळ तिच्यावर चालते. सहा वर्षांत ती संपली होती, रोज प्लग लावलेलाच असल्यामुळे कळले नव्हते. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचे दाखले अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असे मुदतीचे असतात, म्हणून २०१७ सालात बसलेल्या यंत्राला २०२४ सालचा प्रत्येक दाखला खोटा वाटत होता. (हीच बॅटरी चांगली असतानाही पाच मिनिटे काढून परत बसवली तर यंत्राच्या मूळ सेटिंग्ज पूर्ववत होतात आणि त्यानेही कधीकधी काळा पडदा सुटतो, तो उपाय आम्हांला लागला नाही.) तारीख बदलली, संकेतस्थळ उघडले.

रात्री पावणेदहाला विवरणपत्र गेले. समोरच्या घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांची नवी बॅटरी आणली होती, ती सकाळी बसवली. काकांनी पोचपावती छापून फायलीला लावली, आणि मी बेळगावला परत निघाले तेव्हा हातात पैसे ठेवून म्हणाले, "येताना दोन पेन ड्राइव्ह आण. एक इथे, एक घरी."